वरचे आणि खालचे

जिंतूरच्या माणसाला बाहेरगावी कुणी गाव विचारलं की तो आधी "परभणी जिल्हा" म्हणतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही तर पुढे जोडतो, "येलदरी धरण ऐकलंय का? तिथलं." मीही इतकी वर्षं हेच करत आलोय. नेमगिरीची लेणी आहेत, चारठाण्याची देवळं आहेत, पण ओळख सांगताना तोंडात येतं ते धरणच. आणि ज्या धरणाच्या नावावर आम्ही स्वतःची ओळख सांगतो, त्याचं पाणी कालव्याने आमच्या शिवारात येत नाही! ते खाली जातं.

हे कुणावर आरोप करायला म्हणून लिहीत नाहीये. पाण्याच्या भांडणात आम्ही मराठवाड्यातले लोक नेहमी "खालचे" म्हणून बोलतो. वरच्यांनी अडवलं, वरच्यांनी पळवलं, वरच्यांनी सोडलं नाही. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण जिंतूरला उभं राहून पाहिलं की आपण एकाच वेळी वरचेही असतो आणि खालचेही, आणि कोणाशी भांडतोय त्यावर आपली भाषा बदलते. ती कशी बदलते ते जरा इतिहासाच्या अंगाने सांगतो. (ज्यांना आकडे वाचवत नाहीत त्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद डोळे मिटून ओलांडावेत. आमच्या घरात असे बरेच आहेत.)

तर आधी नदी. आमची पूर्णा म्हणजे गोदावरीची पूर्णा. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण विदर्भात याच नावाची दुसरी नदी आहे. ती सातपुड्यातून येते, तापीला मिळते आणि अरबी समुद्राकडे जाते. आमची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, भोकरदन-जाफराबादकडून जालना जिल्हा ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात शिरते, तिथे तिला खडकपूर्णा म्हणतात. मग ती आमच्याकडे येते आणि शेवटी पूर्णा तालुक्यात कंठेश्वरजवळ गोदावरीत मिसळून बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात पडलेला पाऊस एकाच नावाच्या दोन नद्यांतून दोन वेगवेगळ्या समुद्रांना जातो. लहानपणी भूगोलाच्या पेपरात या दोन पूर्णांनी किती जणांचे मार्क खाल्ले असतील कोण जाणे.

येलदरीचं धरण 1968 साली पूर्ण झालं. एकूण साठा 934 दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. त्यातला वापरता येतो असा, ज्याला जिवंत साठा म्हणतात तो, 810 च्या आसपास. टीएमसीच्या हिशोबात एकूण साठा 33 टीएमसी होतो. धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, मिळून साडेबावीस मेगावॅट. पाणी खाली सोडायचं ते या संचांवरून. ते नदीनेच पुढे जातं आणि सिद्धेश्वरच्या धरणात थांबतं. सिद्धेश्वर आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात आहे. त्याचा एकूण साठा 250 दलघमी, पण जिवंत साठा फक्त 81. बाकीचं पाणी तळाशी नुसतं टेकू देतं, कालव्याच्या तोंडापर्यंत पातळी चढावी म्हणून. घरातल्या भाषेत सांगायचं तर येलदरी हा रांजण आणि सिद्धेश्वर हे ओगराळं. ओगराळं ज्याच्या बाजूला त्याला पाणी आधी.

कालवे निघतात ते सिद्धेश्वरपासून. ते वसमत, परभणी, पूर्णा, नांदेडकडची काळी सपाट जमीन भिजवतात. यात इंजिनियरांना शिव्या द्यायचं कारण नाही. धरण बांधायला दरी खोल लागते, कालवा फिरवायला जमीन सपाट लागते. जिंतूरकडे दरी होती, खाली सपाटी होती. उताराला कोण काय करणार? दक्षिणेला जायकवाडीचा डावा कालवा पाथरी, मानवत करत परभणीकडे गेला, तोही आमच्या डोंगराळ भागाच्या खालूनच. तालुक्यात करपरा नदीवर निवळीचं मध्यम धरण आहे, तेवढाच काय तो आधार. बाकी बहुतेक शेती पावसावर. तूर, कापूस, आता सोयाबीन. दिवाळी झाली की तांड्यांवरचे आणि वाड्या-वस्त्यांवरचे लोक कोयता घेऊन ऊस तोडायला निघतात. पाणी आहे तिथे ऊस आणि पाणी नाही तिथला माणूस तो तोडायला. हे मी शाळेत असल्यापासून बघतोय. अर्धा वर्ग दिवाळीनंतर रिकामा व्हायचा आणि मास्तर हजेरीपटात रेघा ओढायचे.

"धरण उशाला, कोरड घशाला" हे वर्तमानपत्रांचं लाडकं शीर्षक आहे, येलदरीवर बातमी आली की हमखास वापरतात. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. कारण ती उशी आमच्याच जमिनीची केलेली आहे. माझ्या आजोळची नदीकाठची जमीन येलदरीच्या फुगवट्यात गेली. आजीला त्या मळीतली वांगी शेवटपर्यंत आठवायची. वांग्याची भाजी कितीही चांगली होवो, "मळीतल्या वांग्याची सर नाही" हे वाक्य ठरलेलं. मोबदला मिळाला, तेव्हाच्या मानाने म्हणे बरा होता. पण गावच वर टेकाडावर सरकलं, मुरमाड जमिनीवर. तिथून खाली पाहिलं की पाणी दिसतं, संध्याकाळी अगदी समुद्रासारखं.

आणि त्याच वेळी माझ्या आत्याचं सासर वसमतकडे. तिच्याकडे कालवा आला, हळद आली, ऊस आला, पक्कं घर आलं. आते-मामेभावंडं एकाच नदीची, पण एकाच्या वाट्याला बुडीत आणि दुसऱ्याच्या वाट्याला लाभक्षेत्र. आत्याकडची मंडळी हे वाचणार आहेत, त्यांनी रागावू नये. तुमच्या हळदीवर आमचा डोळा नाही. पण एका लग्नात पंगत उठल्यावर दोन भावांची जुंपली होती ती मला अजून आठवते. मामेभाऊ फुगवट्यात मोटर टाकून पाइपाने पाणी वर चढवायचा. टंचाईच्या वर्षी पिण्यासाठी पाणी राखून ठेवायचं म्हणून काठावरच्या मोटरींची वीज तोडली, त्याचा गहू पोटरीत असताना. तो म्हणाला, "आमची जमीन पाण्याखाली, अन् आम्हीच पाणीचोर?" आतेभाऊ म्हणाला, "तू वरून ओढलंस तर माझ्या चारीला शेवटची पाळी यायची कशी?" दोघंही खरं बोलत होते. मोठ्या काकांनी विषय बदलून मठ्ठ्यावर आणला.

गहू पोटरीत असताना एक पाणी चुकणं म्हणजे काय ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पण मला त्या भांडणात दुसरीच गोष्ट दिसली. ही दोन माणसं ज्या दोन धरणांच्या कडेला राहतात ती आमच्या लहानपणी एकाच जिल्ह्यात होती. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि रांजण राहिला परभणीत, ओगराळं गेलं हिंगोलीत. येलदरीच्या पाण्यापलीकडचा सेनगाव तालुकाही हिंगोलीतच गेला. त्याआधी 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हा परभणीचा परतूर तिकडे गेलेला. दर वेळी नवा जिल्हा झाला की पेढे वाटले जातात आणि दर वेळी पाण्यावर एक नवी रेघ उमटते. मग "आपल्या जिल्ह्याचं पाणी" असा शब्दप्रयोग सुरू होतो, जणू ढगांना कलेक्टर कचेरीचा पत्ता माहीत आहे.

या रेघांमधली सगळ्यात जुनी आणि जाड रेघ आमच्या उशालाच होती. जिंतूर निजामाच्या राज्यात आणि वर लोणार, मेहकर, सिंदखेड राजा हा मुलूख वऱ्हाडात. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, नावाला निजामाचा राहिला. म्हणजे एकाच नदीवर वर इंग्रजी अंमल आणि खाली मोगलाई (आमची जुनी माणसं निजामीला मोगलाईच म्हणायची). कायदे वेगळे, नाणं वेगळं, कचेरीतली भाषासुद्धा वेगळी. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबादचं संस्थान विलीन झालं. 1956 ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, 1960 ला महाराष्ट्र झाला. राजकीय सरहद्द पुसली. पण "विदर्भ" आणि "मराठवाडा" या नावांनी ती सरकारी कागदात जिवंत राहिली, विशेषतः अनुशेष मोजायची वेळ आली की. 1984 साली दांडेकर समितीचा अहवाल आला तेव्हापासून सिंचनाचा अनुशेष हा शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतो.

त्या जुन्या सरहद्दीच्या पलीकडे, देऊळगाव राजा तालुक्यात, याच नदीवर खडकपूर्णा धरण झालं. जिवंत साठा सुमारे 93 दलघमी. जलाशयाला संत चोखामेळा सागर असं नाव आहे, कारण त्याच तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं. वर धरण झालं की खालच्या येलदरीत पाणी कमी येणार, हा सरळ हिशोब. आमच्याकडे त्यावर "विदर्भाने आमचं पाणी अडवलं" अशी बोलणी मी स्वतः ऐकली आहेत. पण बुलढाणा हा काही नाशिक-नगरसारखा बागायती जिल्हा नव्हे. तोही अनुशेषातच मोजला गेला. अमरावती विभागातल्या ज्या चार जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष वर्षानुवर्षं भरून निघत नव्हता त्यात तो होता. म्हणजे दोन तहानलेल्यांचं एका ओंजळीवरून भांडण. त्यांनी शांतपणे विचारलं की, "तुमच्याकडे 810, आम्ही 93 अडवलं तर बिघडलं काय?" तर आपल्याकडे चटकन उत्तर नाही. एक उत्तर आहे, की 810 भरतं कुठे दर वर्षी? पण मग तेच त्यांच्या 93 बद्दलही खरं आहे.

आता जायकवाडीकडे वळतो, कारण आमची "खालच्यांची" भाषा घडली ती तिथे. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. शंकरराव चव्हाणांनी हे धरण अक्षरशः लावून धरलं. मराठवाड्यात त्यांच्या राजकारणाबद्दल काहीही मतं असोत, पाण्याबद्दल त्यांचं ऋण सगळेच मानतात. धरण झालं खरं, पण वर नाशिक आणि नगर जिल्ह्यांत धरणांवर धरणं होत गेली आणि पैठणला पाणी पोचेनासं झालं. 2005 साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात कलम 12(6)(ग) आहे. मला विचाराल तर मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासातलं ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्याचा सारांश असा: खोऱ्यातली टंचाई सगळ्यांनी सारखी वाटून घ्यावी, त्यासाठी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सर्व जलाशयांमध्ये वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं नियंत्रण करावं.

कायदा पाणी वाटून घ्या म्हणत नाही, टंचाई वाटून घ्या म्हणतो, हे नीट बघा. पाणी वाटताना माणूस मालक असतो, टंचाई वाटताना नात्यातला होतो. असो.

हे वाक्य अमलात यायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. 2013 साली मेंढेगिरी समितीने जायकवाडी आणि वरच्या धरणांसाठी सूत्र दिलं. जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून सोडायचं, वगैरे. 2014 ला प्राधिकरणाचा आदेश झाला, सप्टेंबर 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. 2015 आणि 2023 साली पाणी सोडायची वेळ आली तेव्हा नाशिक-नगरकडे आंदोलनं आणि आमच्याकडेही आंदोलनं, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. आमची बाजू स्पष्ट होती: नदी एक, खोरं एक, वरच्याला जास्त हक्क नाही.

मान्य. शंभर टक्के मान्य. आता तेच तोंड खाली तेलंगणाकडे वळवून बघा.

1969 ला गोदावरी पाणीतंटा लवाद नेमला गेला, अध्यक्ष न्यायमूर्ती बच्छावत. लवादाचं काम चालू असतानाच राज्यांनी आपसात करार केले. 6 ऑक्टोबर 1975 ला महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात जो करार झाला त्यात आमची पूर्णा आहे. गोदावरीवर पैठणपर्यंतचं आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राचं. त्याखाली, पोचमपाड धरणापर्यंतच्या टापूत, महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी 60 टीएमसीपेक्षा जास्त वापरायचं नाही. 1980 ला लवादाचा अंतिम निवाडा झाला त्यात हे करार सामील झाले. म्हणजे आमच्या सिद्धेश्वरच्या भिंतीवर, न दिसणारी का होईना, दोन राज्यांमधली पाण्याची सरहद्द आहे! भिंतीच्या वरचा थेंब बिनहिशोबी महाराष्ट्राचा, खालचा थेंब मोजून. प्रत्यक्ष तेलंगणाची हद्द तिथून कितीतरी पुढे, पार धर्माबादच्याही पलीकडे. सिद्धेश्वरला औंढ्याच्या देवदर्शनाला जाताना सहज डोकावणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

याच करारातल्या 60 टीएमसीत बसणारा बाभळीचा बंधारा नांदेड जिल्ह्यात बांधला गेला आणि 2006 साली आंध्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. बंधाऱ्याची क्षमता 2.74 टीएमसी. येलदरीच्या बाराव्या भागाएवढीही नाही. निकाल 28 फेब्रुवारी 2013 ला लागला: बंधारा राहील, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि दर वर्षी 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. म्हणजे पावसाळाभर नदी समोरून वाहून जाऊ द्यायची आणि दरवाजे खाली करायचे ते पाऊस सरल्यावर. नांदेडकडच्या लोकांचा यावर राग आहे आणि तो समजतो. पण त्या वेळी आमच्याकडे जे बोललं जायचं ते आठवून बघा. "आमच्या हद्दीत पडलेलं पाणी आमचं, त्यांना का द्यायचं?" हे वाक्य मला ओळखीचं वाटलं, कारण नाशिककर आम्हाला अगदी हेच सुनावत आले होते.

हे वाक्य आपण शोधलेलं नाही, फार जुनं आहे. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सरहद्दीवरून रिओ ग्रान्दे नदी वाहते, दोन्ही बाजूंनी वाळवंट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वर अमेरिकेत शेतीसाठी पाणी उपसलं जायला लागलं आणि खाली मेक्सिकोच्या हुआरेझकडे नदी आटायला लागली. मेक्सिकोने तक्रार केली. 1895 साली अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी मत दिलं, की आमच्या हद्दीतल्या पाण्याचं आम्ही काय करावं यावर आंतरराष्ट्रीय कायद्याचं काही बंधन नाही. पुढे हे मत "हार्मन सिद्धांत" म्हणून कायद्याच्या पुस्तकांत गेलं. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेने ते फार ताणलं नाही. 1906 साली करार करून दर वर्षी 60,000 एकर-फूट पाणी मेक्सिकोला द्यायचं कबूल केलं, अर्थात "हे आम्ही हक्क म्हणून देत नाही" असा सूर राखूनच. मी उगाच हिशोब करून पाहिला. 60,000 एकर-फूट म्हणजे सुमारे 74 दलघमी. बाभळीच्या बंधाऱ्यात मावतं त्याहून थोडं कमी, सिद्धेश्वरच्या जिवंत साठ्याहूनही थोडं कमी. दोन देश ज्या ओंजळीसाठी अकरा वर्षं कागद रंगवत बसले, तेवढ्याच ओंजळीसाठी आपली दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली.

करारात आणखी एक गोष्ट होती. भीषण दुष्काळ पडला किंवा अमेरिकेतले कालवेच मोडले, तर मेक्सिकोचा वाटा अमेरिकेतल्या वाट्याच्या प्रमाणातच कमी करायचा. म्हणजे शतकापूर्वीच्या एका रुक्ष करारातही टंचाई वाटून घ्यायचं कलम होतं.

वाळवंटाचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. आमच्याकडे दुष्काळावर भाषण करणारा प्रत्येक जण "मराठवाड्याचं वाळवंट होतंय" म्हणतो. मला हा शब्द पूर्वी भडक वाटायचा. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, जिंतूरला त्याच्या कितीतरी पट पडतो. पण इस्रोच्या अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने 2016 साली देशाचा वाळवंटीकरणाचा आणि जमिनीच्या ऱ्हासाचा नकाशासंग्रह काढला. त्यात 2011-13 ची मोजणी आहे आणि महाराष्ट्राची सुमारे 45 टक्के जमीन ऱ्हास होणारी म्हणून दाखवली आहे. वाळू उडायलाच हवी असं नाही. डोंगरउतारावरची माती धुपून मुरूम उघडा पडला की पाऊस कितीही पडो, थांबत नाही. आमच्या पायाखाली बेसॉल्ट, काळा पाषाण. वरचा कुजका मुरमाचा थर पाणी धरतो, विहिरीला लागतं ते तेच. त्याच्या खाली पाणी फक्त भेगांमध्ये. पाचशे-सातशे फूट बोअर मारून धूळ निघाली आणि कर्ज राहिलं, अशी घरं आमच्या ओळखीत एक-दोन नाहीत. आणि ती बोअरसुद्धा शेजाऱ्याच्या बोअरच्या "वर" किंवा "खाली" असतेच. तिथे ना लवाद ना कलम.

पूर्वीच्यांना या पाषाणाची जाण होती असं बारवा पाहिल्या की वाटतं. चारठाण्याला यादवकाळातल्या देवळांच्या सोबत बारवा आहेत. सेलू तालुक्यात वालूरला तर शंखासारखी वळत खाली उतरणारी बारव आहे, गाळाने बुजलेली होती, गावकऱ्यांनी उपसून मोकळी केली. पायऱ्या उतरताना उघडं दिसतं, पाणी किती खाली गेलंय आणि आपण किती उपसलंय. बोअरमध्ये ते दिसत नाही. पण या बारवांबद्दल गहिवरून लिहिणाऱ्यांना (आणि हल्ली ते बरेच झालेत) एक आठवण द्यावीशी वाटते. त्या पायऱ्या गावातल्या सगळ्यांसाठी नव्हत्या. खालची पायरी कुणाची, वरून कुणी ओतायचं आणि ओंजळ धरून कुणी थांबायचं, हेही ठरलेलं होतं. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा, आणि त्याचा न्यायालयीन निकाल लागायला 1937 उजाडलं. "वरचे" आणि "खालचे" हे शब्द नदीच्या कितीतरी आधी आपल्याला पाणवठ्यावर माहीत होते. खडकपूर्णेच्या जलाशयाला चोखोबांचं नाव देणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही, सांगता येत नाही. मला मात्र ते नाव वाचताना दर वेळी आठवतं.

मग माझं म्हणणं काय? माझं म्हणणं एवढंच, की मराठवाड्याने कोर्टात जाऊन जिंकलेलं तत्त्व फक्त पैठणच्या वरच्या बाजूला लावून थांबू नये. मेंढेगिरींचं सूत्र जायकवाडी आणि तिच्या वरच्या धरणांपुरतं होतं. कायद्यातले शब्द मात्र "सर्व जलाशय" आहेत. पूर्णा हे गोदावरीचंच उपखोरं आहे. ऑक्टोबरअखेर खडकपूर्णेत किती टक्के, येलदरीत किती टक्के, सिद्धेश्वरात किती टक्के, हे एका ओळीत मांडून बघायला काय हरकत आहे? कधी त्यात बुलढाण्याने द्यावं लागेल, कधी आमच्याकडचं मागणं चूक निघेल. आणि त्याच ओळीत फुगवट्याच्या काठावरच्या गावांचाही एक रकाना हवा. ज्यांची जमीन तळाशी आहे त्यांना कायदेशीर, मोजून, पैसे भरून दोन पाणी उचलता यावं, म्हणजे गहू पोटरीत असताना त्यांना चोर ठरवायची वेळ येणार नाही. नाशिकला शिकवलेला धडा घरात वाचायला आपण तयार नसू, तर पुढच्या वेळी ते आपल्याला हेच दाखवतील, आणि दाखवावंच.

यावर आतेभावाशी फोनवर अर्धा तास झाला. तो म्हणतो, सगळ्या धरणांत सारखी टक्केवारी ठेवायची म्हटली तर ओगराळ्यात तेवढंच आणि रांजणातही तेवढंच, मग कालवा चालायचा कसा? मुद्दा बरोबर आहे, सिद्धेश्वर आणि येलदरी एकच साठा धरून मोजावा लागेल. हे मी त्याला कबूल केलं. फुगवट्याच्या रकान्याबद्दल मात्र तो काही बोलला नाही. हळद शिजवायची गडबड आहे म्हणाला आणि फोन ठेवला.